हृदय, रक्तवाहिन्या आणि फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली ओळखताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅथॉलॉजीच्या प्रॅक्टिकलचा हंगाम आला की माझ्या फोनवर गुलाबी-जांभळ्या फोटोंचा पाऊस पडतो. निम्म्या फोटोंत अंगठ्याची सावली असते, उरलेल्यांत फोकस नसतो, आणि खाली एकच ओळ: “मॅडम, हे काय आहे?” पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न निवासी डॉक्टरांचे आहेत, एक रुग्णाच्या मुलाचाही आहे. एकाचं उत्तर दुसऱ्यात गुंतलं असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एच अँड ई स्लाइडमध्ये कुठला रंग कशाचा?

हिमॅटॉक्सिलिन पेशींची केंद्रकं निळी-जांभळी करतं. इओसिन पेशीद्रव, स्नायू, कोलॅजन, फायब्रिन (रक्त गोठवणारं धाग्यांसारखं प्रथिन) हे सगळं गुलाबी करतं. तांबड्या पेशी भडक गुलाबी-केशरी दिसतात आणि त्यांचा आणखी एक उपयोग आहे. त्यांचा व्यास ढोबळमानाने ७ मायक्रॉन असतो, म्हणजे प्रत्येक स्लाइडमध्ये फुकटची मोजपट्टी हजर असते. शेजारची पेशी किती मोठी आहे ते तिच्यावरून ठरवा.

ऊतीचा काप ३ ते ५ मायक्रॉन जाडीचा असतो हेही लक्षात असू द्या. भेंडी आडवी चिरली तर गोल चकती मिळते, तिरकी चिरली तर लांबट काप मिळतो. रक्तवाहिनीचंही तसंच. तिरक्या कापात भिंत उगाचच जाड दिसते.

२. फुप्फुसाची स्लाइड हाती आली की सुरुवात कुठून करायची?

आधी भिंत बघायची, पोकळीकडे नंतर वळायचं. हे मी वर्गात इतक्या वेळा म्हणते की मुलं माझ्यामागे नक्कल करतात, करू देत.

स्लाइड उजेडासमोर धरून नुसत्या डोळ्यांनी बघा. निरोगी फुप्फुस जाळीच्या कापडासारखं विरळ दिसतं. घट्ट, भरलेलं दिसलं तर काहीतरी बिघडलेलं आहे, किंवा तुकडा नुसता आकसलेला आहे. मग ४एक्स भिंगाखाली वायुकोशांच्या भिंती शोधा. भिंती शाबूत आणि पोकळ्या भरलेल्या असतील तर न्यूमोनिया किंवा सूज. भिंती तुटलेल्या आणि पोकळ्या मोठ्या, रिकाम्या असतील तर एम्फिसीमा. भिंतींचा मागमूसच नसेल आणि जागा पू किंवा मृत ऊतीने भरलेली असेल तर गळू किंवा क्षय. भिंती जाड झाल्या असतील तर जुना रक्तसंचय किंवा फायब्रोसिस, म्हणजे वणासारखे तंतू. चाळीस एक्सवर थेट उडी मारणारा विद्यार्थी झाडाची पानं मोजत बसतो आणि आपण कुठल्या रानात आलोय हे त्याला कळत नाही.

३. वायुकोशात गुलाबी काहीतरी आहे. पाणी, हायलाइन मेम्ब्रेन की आणखी काही?

पोत बघा. फुप्फुसाला सूज आली असेल तर गुलाबी रंग फिका आणि एकसारखा असतो, पातळ केलेल्या सरबतासारखा. त्यात अधूनमधून हवेच्या बुडबुड्यांची गोल भोकं आणि भिंतीतल्या केशवाहिन्या रक्ताने तुडुंब. हायलाइन मेम्ब्रेन पोकळी भरत नाही, ती आतून भिंतीला लिंपलेली असते. गडद गुलाबी, चकचकीत पट्टा, भांड्याला चिकटलेल्या सायीसारखा. तो फायब्रिन आणि मेलेल्या पेशींच्या अवशेषांचा असतो आणि वायुकोशांना झालेल्या तीव्र, सर्वदूर इजेची खूण आहे. २०२० नंतर कोविडच्या शवविच्छेदनांमुळे हे चित्र जगभर पुन्हा चर्चेत आलं. त्या फुप्फुसांत बारीक वाहिन्यांमध्ये फायब्रिनच्या गुठळ्याही वारंवार सापडल्या.

तिसरी शक्यता न्यूमोसिस्टिस या बुरशीची. त्यातला स्राव फेसाळ, अनरशासारखा जाळीदार असतो. ग्रोकॉटच्या चांदीच्या रंजकात काळे, कपासारखे चेपलेले गोळे दिसले की शंका संपली.

४. ‘हार्ट फेल्युअर सेल’ हृदयात का सापडत नाहीत?

कारण त्या फुप्फुसातल्या पेशी आहेत. नावाने दरवर्षी कुणीतरी फसतंच. हृदयाची डावी बाजू थकली, किंवा मायट्रल झडप अरुंद झाली, की फुप्फुसात रक्त तुंबतं. केशवाहिन्यांतून तांबड्या पेशी वायुकोशात झिरपतात, मॅक्रोफेज (साफसफाई करणाऱ्या पेशी) त्यांना गिळतात आणि हिमोग्लोबिनमधलं लोह हिमोसिडरिन म्हणून पोटात साठवतात. या लोह भरलेल्या मॅक्रोफेजना ते नाव. सोबत भिंती जाड झालेल्या आणि केशवाहिन्या फुगलेल्या दिसल्या पाहिजेत. नुसत्या तपकिरी पेशी दाखवून ‘फुप्फुसाचा जुना रक्तसंचय’ म्हणालात तर परीक्षक “आणखी?” विचारणारच.

आपल्याकडे या स्लाइडमागे बऱ्याचदा संधिवाताच्या तापाने खराब झालेली मायट्रल झडप असते (प्रश्न १०).

५. तपकिरी दिसलं म्हणजे हिमोसिडरिनच ना?

नाही. या एका गृहीतकाने जितके गुण जातात तितके दुसऱ्या कशाने जात नसतील.

हिमोसिडरिन सोनेरी-तपकिरी, खडबडीत दाणेदार आणि पेशीच्या आत असतं. खात्री करायची तर पर्ल्सचं रंजक. मॅक्स पर्ल्सने १८६७ मध्ये वापरलेली प्रशियन ब्लू अभिक्रिया आजही तशीच चालते. लोह असेल तर दाणे निळे होतात. कोळशाचा कण काळा असतो आणि पर्ल्समध्ये काळाच राहतो. शहरात राहणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या फुप्फुसात तो थोडाफार असतो, त्यामुळे तो दिसला म्हणून लगेच रोगाचं नाव घेऊ नका. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या मॅक्रोफेजमध्ये बारीक, भुरकट तपकिरी रंगद्रव्य असतं आणि तेही पर्ल्समध्ये फिकं निळं होऊ शकतं. दाणे भरड आणि निळा रंग गडद असेल तरच रक्तस्रावाकडे बोट दाखवा.

तो रक्तस्रावही हृदयामुळेच झाला असेल असं नाही. गुडपास्चर सिंड्रोममध्ये (शरीराची प्रतिपिंडं स्वतःच्याच फुप्फुस-मूत्रपिंडावर उलटतात तो आजार) किंवा रक्तवाहिन्यांच्या दाहातही अशाच पेशी सापडतात. अ‍ॅस्बेस्टॉसचा धागा लोहाने मढला की डंबेलसारखा सोनेरी दिसतो आणि पर्ल्समध्ये निळा होतो.

शेवटचा चकवा फॉर्मलिन पिगमेंटचा. बफर न घातलेल्या, आम्लयुक्त फॉर्मलिनमध्ये (ऊती टिकवायच्या द्रावणात) रक्ताळलेला तुकडा राहिला की काळपट-तपकिरी कण पडतात. ते पेशींच्या आत-बाहेर कसेही विखुरलेले असतात, ध्रुवित प्रकाशात चमकतात आणि पिक्रिक आम्लाच्या अल्कोहोली द्रावणाने निघून जातात. माझ्या निवासी काळात मी अशा कणांना मलेरियाचं रंगद्रव्य म्हटलं होतं. सरांनी काही न बोलता पिक्रिक आम्लाची बाटली माझ्यासमोर ठेवली.

६. ‘नटमेग लिव्हर’ जायफळासारखं दिसतं म्हणतात, पण मला तरी तसं दिसत नाही!

कारण घरी आपण जायफळ किसतो, चिरत नाही. श्रीखंड करताना अर्धं किसलेलं जायफळ हातात घ्या आणि उघड्या बाजूवरची गडद-फिकी नक्षी बघा. हृदयाची उजवी बाजू निकामी झाली की यकृतात रक्त तुंबतं. प्रत्येक खंडिकेचा मध्य, म्हणजे मध्यवर्ती शिरेभोवतालचा भाग, लालभडक होतो आणि तिथल्या पेशी बारीक होतात किंवा मरतात. कडेच्या पोर्टल भागातल्या पेशी ठीक असतात किंवा चरबीने फुगलेल्या असतात. म्हणून लाल ठिपके आणि पिवळसर कडा. यकृताच्या शिरा गुठळीने बंद झाल्या तरी नक्षी तीच दिसते, तेव्हा कारण स्लाइडवर न शोधता रुग्णाच्या इतिहासात शोधा.

७. गुठळी जिवंतपणी झाली की मृत्यूनंतर, हे कसं सांगायचं?

जिवंतपणी, वाहत्या रक्तात झालेल्या गुठळीत थर असतात. फिके पट्टे प्लेटलेट आणि फायब्रिनचे, गडद पट्टे तांबड्या पेशींचे. यांनाच झानच्या रेषा म्हणतात. रक्त वाहत असल्याशिवाय असे थर साचत नाहीत. गुठळी वाहिनीच्या भिंतीला धरून असते, आणि थोडी जुनी असेल तर भिंतीतून तिच्यात फायब्रोब्लास्ट आणि नव्या केशवाहिन्या शिरताना दिसतात. मृत्यूनंतर गोठलेलं रक्त जेलीसारखं मऊ, भिंतीपासून सुटं. त्यात तांबड्या पेशी तळाला बसतात आणि वर पिवळसर थर राहतो. स्लाइडवर थर सापडले नाहीत तर भिंतीशी असलेला सांधा शोधा. तोच निर्णायक.

८. फुप्फुसाचा इन्फार्क्ट (रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग) लाल आणि हृदयाचा फिका, असं का?

फुप्फुसाला दुहेरी रक्तपुरवठा आहे आणि ऊती सैल आहे. फुप्फुसधमनीची फांदी बंद झाली तरी ब्राँकियल धमनीतून रक्त येऊन मेलेल्या भागात पाझरतं. हृदय, मूत्रपिंड, प्लीहा घट्ट आहेत आणि तिथे पुरवठा बहुतांशी एकाच वाटेने होतो, म्हणून तिथला इन्फार्क्ट फिका. फुप्फुसातला भाग पाचरीसारखा असतो, रुंद बाजू प्लुराकडे, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाकडे. सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या समुद्रात वायुकोशांच्या भिंती भुतासारख्या उभ्या दिसतात: आकार आहे, केंद्रकं नाहीत. केंद्रकं शाबूत असतील तर तो नुसता रक्तस्राव.

९. हार्ट अटॅक किती जुना आहे, हे स्लाइडवरून सांगता येतं का? आणि काहीच दिसलं नाही तर?

अंदाजाने येतं, आणि शवविच्छेदनात या अंदाजाला फार किंमत असते.

पहिले काही तास साध्या सूक्ष्मदर्शकाला काहीही दिसत नाही. फार तर कडेला स्नायूंचे तंतू लाटांसारखे वेडेवाकडे. मेलेले तंतू आकुंचन पावत नाहीत, शेजारचे जिवंत तंतू त्यांना ओढतात, म्हणून ही लाट. साधारण ४ ते १२ तासांत कोॲग्युलेशन नेक्रोसिसची (पेशी मेल्या तरी आकार टिकतो, त्याची) सुरुवात कळू लागते, सूज येते. १२ ते २४ तासांत तंतू जास्तच गडद गुलाबी होतात, केंद्रकं आकसतात, न्यूट्रोफिल (दाहातल्या पांढऱ्या पेशी) यायला लागतात. पहिल्या ते तिसऱ्या दिवशी न्यूट्रोफिलची गर्दी. तिसऱ्या ते सातव्या दिवशी मॅक्रोफेज साफसफाईला येतात, मेलेले तंतू विरघळू लागतात. भिंत सगळ्यात कमकुवत असते ती याच दिवसांत, आणि हृदय फाटण्याची भीतीही तेव्हाच. त्यानंतर कडेकडून ग्रॅन्युलेशन ऊती (जखम भरणारी नवी ऊती) आत सरकते आणि दुसऱ्या आठवड्याअखेर चांगली रुजते. पुढे कोलॅजन वाढत जातं आणि दोन महिन्यांनंतर घट्ट, पांढरा वण उरतो.

हे वेळापत्रक रेल्वेचं नाही. मोठ्या इन्फार्क्टमध्ये कड आठवडाभर पुढे गेलेली असते आणि मध्यभाग मागेच राहिलेला असतो, कारण साफसफाई बाहेरून आत चालते. तुकडा कुठून घेतलाय ते विचारल्याशिवाय वय सांगू नका. गुठळी विरघळवून किंवा स्टेंट घालून रक्त परत सुरू केलं असेल तर रक्तस्राव आणि आकुंचनाचे आडवे, गडद पट्टे दिसतात.

छातीत कळ आली आणि अर्ध्या तासात माणूस गेला, तर स्लाइड स्वच्छ असू शकते. तिचा अर्थ ‘अटॅक नव्हता’ असा होत नाही, ‘खुणा उमटायला वेळ मिळाला नाही’ असा होतो. २-३ तास उलटले असतील तर हृदयाचे ताजे काप टीटीसी या रसायनात बुडवतात. जिवंत स्नायू विटकरी लाल होतो, मेलेला फिका राहतो. फॉर्मलिनमध्ये टाकलेल्या हृदयावर ही चाचणी चालत नाही, तेव्हा आधी टीटीसी आणि मग फॉर्मलिन.

१०. अ‍ॅशॉफ बॉडी ओळखायची खात्रीची खूण कुठली?

सुरवंट. लुडविग अ‍ॅशॉफने १९०४ मध्ये वर्णन केलेल्या या गाठी संधिवाताच्या तापात हृदयस्नायूंच्या मधल्या जागेत, बहुधा एखाद्या छोट्या वाहिनीशेजारी असतात. त्यांतल्या काही मोठ्या मॅक्रोफेजच्या केंद्रकात क्रोमॅटिन मधोमध नागमोडी पट्टीत गोळा होतं आणि कडांना बारीक केसांसारखे फाटे फुटतात. लांबीत कापलं तर सुरवंट, आडवं कापलं तर घुबडाचा डोळा. अशा पेशी इतरत्रही क्वचित दिसतात, म्हणून जागा आणि गाठ दोन्ही जुळली पाहिजेत.

११. धमनीच्या भिंतीत सुईसारख्या रिकाम्या फटी कशाच्या?

कोलेस्टेरॉलच्या स्फटिकांच्या. स्फटिक तिथे होते, पण स्लाइड बनवताना वापरलेल्या अल्कोहोल आणि झायलीनमध्ये ते विरघळले. उरला तो साचा. फटींभोवती फेसाळ पेशी आणि वर कोलॅजनचं झाकण असेल तर अथेरोमा, म्हणजे धमनीतला चरबीचा थर. कॅल्शियम मात्र मधल्या थरात असेल, आतला थर साधा असेल आणि पोकळी अरुंद झाली नसेल तर तो मोंकेबर्गचा प्रकार, वेगळी गोष्ट.

१२. लोबर न्यूमोनियाचं ‘हेपॅटायझेशन’ म्हणजे यकृत कुठून आलं?

स्पर्शातून. ज्याने बाजारात कलेजी हातात घेतलीय त्याला समजावं लागत नाही. हवेने हलकं असणारं फुप्फुस तसं घट्ट, जड होतं. लाल टप्प्यात वायुकोशांत तांबड्या पेशी, न्यूट्रोफिल आणि फायब्रिन. करड्या टप्प्यात तांबड्या पेशी विघटित झालेल्या, न्यूट्रोफिल आणि फायब्रिन शिल्लक. भिंती शेवटपर्यंत शाबूत (प्रश्न २), म्हणूनच बरा झालेला रुग्ण पुन्हा पूर्ववत श्वास घेतो. प्रतिजैविकं लवकर सुरू होत असल्यामुळे सगळे टप्पे ओळीने दाखवणारं फुप्फुस आता दुर्मीळ. संग्रहातली जुनी बरणी सांभाळून ठेवा.

दाह ठिपक्याठिपक्यांनी, श्वासनलिकांभोवती असेल आणि मधलं फुप्फुस मोकळं असेल तर तो ब्राँकोन्यूमोनिया.

१३. ग्रॅन्युलोमा (दाहपेशींची गाठ) दिसतोय, झेडएन (झील-नील्सन, क्षयाचे जंतू लाल करणारं रंजक) निगेटिव्ह आहे. क्षय नाही म्हणायचं का?

मुळीच नाही. थुंकीत झेडएनने जंतू दिसायला दर मिलीलीटरला सुमारे ५ ते १० हजार जंतू लागतात. ऊतीच्या ३-५ मायक्रॉन कापात तर जुगारच. चाळीसेक मिनिटं शोधून एक लाल काडी सापडते तेव्हा होणारा आनंद पॅथॉलॉजिस्टच जाणे.

आधी ग्रॅन्युलोमा नीट बघा. एपिथेलिऑइड पेशी फिक्या गुलाबी, कडा अस्पष्ट, केंद्रक चपलेच्या तळव्यासारखं लांबट. लँगहान्स जायंट सेलमध्ये केंद्रकं घोड्याच्या नालासारखी कडेला. बाहेर लिम्फोसाइटचं कडं. मध्यभागी केसिएशन, म्हणजे पनीरासारखा मेलेला भाग: गुलाबी, दाणेदार, जुन्या ऊतीची रेषाही न उरलेलं. प्रश्न ८ मधल्या इन्फार्क्टमध्ये भुतं दिसतात, इथे तीही नाहीत. फरक एवढाच आणि एवढा मोठा.

केसिएशन क्षयाची मक्तेदारी नाही. हिस्टोप्लाझ्मासारख्या बुरशीतही ते होतं, म्हणून झेडएनसोबत चांदीचं रंजकही मागा. उलट बाजूने, एचआयव्हीमध्ये सीडी४ पेशी (प्रतिकाराच्या पांढऱ्या पेशी) फार घटल्या असतील तर ग्रॅन्युलोमा धड बनतच नाही, नुसते विस्कळीत मॅक्रोफेज, आणि झेडएनमध्ये मात्र लाल काड्यांचे ढीग. प्रतिकार जितका चांगला तितके जंतू कमी दिसतात.

आता एक गाऱ्हाणं. ऑपरेशन थिएटरमधून अख्खा तुकडा फॉर्मलिनमध्ये येतो. फॉर्मलिनने जंतू मरतात, कल्चर होत नाही. निम्मा तुकडा सलाइनमध्ये, सीबीनॅट (क्षयजंतूची जनुकीय चाचणी) आणि कल्चरसाठी, वेगळा पाठवा. दोन डब्या लागतात, एवढंच.

१४. लँगहान्स की लँगरहान्स?

दोघं वेगळे. थिओडोर लँगहान्सच्या जायंट सेल क्षयात. पॉल लँगरहान्सच्या पेशी त्वचेत आणि बेटं स्वादुपिंडात. गंमत म्हणजे जायंट सेलचं आणि त्वचेतल्या पेशींचं वर्णन दोन्ही १८६८ सालचं, म्हणजे गोंधळ तेव्हापासूनचा.

१५. एम्फिसीमा आणि फाटलेला काप यांत फरक कसा करायचा?

काप फाटला असेल तर दोन्ही कडा एकमेकींशी जुळतात, फाटलेल्या कागदासारख्या. एम्फिसीमात भिंतीचा मधला भाग नाहीसाच झालेला असतो. उरलेले तुकडे पोकळीत तरंगतात आणि त्यांची टोकं गदेसारखी जाडसर असतात. सोबत काळे कण आणि श्वासनलिकेच्या भिंतीत दाह असतो. मोठ्या श्वासनलिकेचा भाग आला असेल तर श्लेष्मग्रंथींची जाडी आणि एपिथेलियमच्या तळापासून कूर्चेपर्यंतची जाडी यांचं गुणोत्तर काढा. लिन रीड यांनी १९६० मध्ये मांडलेला हा निर्देशांक साधारण ०.४ पेक्षा जास्त असेल तर क्रॉनिक ब्राँकायटिसकडे झुकावं. ‘धूम्रपान करणारा पुरुष’ एवढंच डोक्यात ठेवू नका. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बाईचं फुप्फुसही याच रांगेत येतं.

१६. म्युकर आणि अ‍ॅस्परजिलस या दोन बुरशी वेगळ्या कशा ओळखायच्या?

२०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळांना हा प्रश्न रोज सोडवावा लागला, तेव्हा बहुधा नाक-डोळ्याच्या तुकड्यांवर. म्युकरचे धागे रुंद, फितीसारखे दुमडलेले, आडपडदे जवळजवळ नसलेले, फांद्या काटकोनात. अ‍ॅस्परजिलसचे बारीक, एकसारख्या जाडीचे, पडदे असलेले, फांद्या लघुकोनात. दोघंही रक्तवाहिन्यांत घुसतात आणि पुढची ऊती मारतात. पण मेलेल्या ऊतीत धागे चुरगळतात, तिरके कापले जातात आणि कोन फसवतात. कोनापेक्षा जाडीवर भरवसा ठेवा आणि कल्चर पाठवा.

१७. वडिलांच्या फुप्फुसाच्या बायोप्सीवर ‘क्लिनिकल कोरिलेशन आवश्यक’ लिहिलंय. लॅबने हात झटकले का?

नाही हो. सुईने मिळालेला तुकडा दोऱ्याएवढा असतो. त्यात ग्रॅन्युलोमा दिसला तर तो क्षयाचा, सार्कॉइडचा किंवा बुरशीचा असू शकतो. सीटी स्कॅन, ताप, वजन, जंतूंच्या चाचण्या यांच्याशी सांगड घालूनच उत्तर ठरतं आणि ती घालणं तुमच्या छातीच्या डॉक्टरांचं काम आहे. रिपोर्टसोबत ब्लॉक आणि स्लाइड मागून घेता येतात. दुसरं मत हवं असेल तर तेच न्या, नुसता कागद पुरत नाही.

१८. शवविच्छेदनात फुप्फुसाच्या वाहिनीत चरबी आणि अस्थिमज्जा सापडली. मृत्यूचं कारण हेच लिहू?

थांबा. छातीवर दाब देऊन सीपीआर दिला होता का, ते आधी कागदपत्रांत बघा. दाबाने बरगड्या मोडतात आणि मज्जेचे तुकडे फुप्फुसात पोचतात. गोल रिकाम्या जागा आणि त्यांमध्ये रक्तपेशींची बाळं, असं अगदी पाठ्यपुस्तकी चित्र दिसतं, पण ते बऱ्याचदा शेवटच्या काही मिनिटांतलं असतं.

मांडीचं हाड मोडून एक-दोन दिवसांनी धाप, गोंधळलेपण आणि अंगावर बारीक लाल पुरळ असा इतिहास असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा फुप्फुसाचा तुकडा नेहमीच्या प्रक्रियेत न घालता थेट फ्रोझन सेक्शनला (गोठवून कापायला) द्या आणि ऑइल रेड ओ हे चरबीचं रंजक लावा. नेहमीच्या पद्धतीत चरबी प्रश्न ११ मधल्या कोलेस्टेरॉलसारखीच विरघळून जाते आणि उरतात नुसत्या रिकाम्या, गोल जागा. मेंदू आणि मूत्रपिंडाच्या ग्लोमेरुलसमधूनही तुकडे घ्या. चरबी फुप्फुस ओलांडून तिथवर पोचली असेल, मेंदूत बारीक रक्तस्राव असतील, तर मग ते कारण लिहा.